पाव कोणाचा?

न्यू ऑर्लिन्सला राहायला येऊन मला पंधरा दिवस झाले होते. ऑगस्टचा महिना होता. दुपारी एकच्या सुमाराला पो-बॉय सँडविचच्या एका दुकानात गेले तर रांग दारापर्यंत आली होती. अंगाला चिकटणारा तो दमट उकाडा थेट मुंबईचा, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. माझा नंबर आला. काउंटरमागे साठीच्या एक बाई होत्या, केसांना जाळी बांधलेली, हातात पाव कापायची लांब सुरी.

"काय देऊ, बेबी?"

या गावात ओळख असो नसो, सगळेच कुणाचे तरी 'बेबी' असतात. मी म्हटलं, कोळंबीचा. "हाफ की होल?" हाफ. मग त्यांनी सुरी पावाला लावली आणि विचारलं, "ड्रेस्ड?"

मला काही कळलं नाही. मी उलट विचारत सुटले. त्यात काय काय असतं, तिखट असतं का, कोळंबी ताजी आहे का. बाई शांतपणे एकेक उत्तर देत होत्या, पण त्यांचा हात थांबला होता. सुरी पावात अर्ध्यावर रुतलेली, आणि मागे पंधरा माणसं. माझ्या पाठीमागचे एक म्हातारे गृहस्थ जरा पुढे वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ड्रेस्ड म्हणा. सगळं नीट घालून देतील." मी म्हटलं, "ड्रेस्ड." सुरी सुटली. पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात उरकलं.

तो थांबलेला हात मला दिवसभर दिसत राहिला. कारण अशाच एका हाताशेजारी मी लहानाची मोठी झाले.

आम्ही लालबागचे. दादा, म्हणजे माझे वडील, मालवणकडचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास माणसं एका दिवसात घरी बसली. पहिले दोन महिने दादा रोज सकाळी भोंग्याच्या वेळेला उठून तयार व्हायचे आणि गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. काही लोक गावी गेले, भातशेतीला लागले. आमच्याकडे गावी चार भावांत मिळून एक कुणगा, भाताचा लहानसा तुकडा, तिथे जाऊन खाणार काय? मे महिन्यात आईच्या बांगड्या गहाण पडल्या आणि गल्लीच्या तोंडाशी आमची वडापावची गाडी लागली. त्या वर्षी गिरणगावात अशा गाड्या किती लागल्या असतील त्याची मोजदाद नाही. ज्याला जे जमेल ते त्याने केलं.

आई पहाटे बटाटे उकडायची. आलं, लसूण, मिरची पाट्यावर वाटायची. मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी तिची. पण गाडीवर उभे दादा. साच्यावर तुटलेला धागा जोडणारी ती बोटं. डाव्या हातात पाव उघडायचा, पण पूर्ण नाही, एका कडेला जोडलेला ठेवायचा. चमच्याच्या पाठीने हिरवी चटणी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला गोड. चिमटीने लसणाची सुकी चटणी. वर वडा. मग पाव मिटून तळहाताच्या मऊ भागाने एकदाच दाबायचा, इतकाच की वडा फुटतो पण बाहेर येत नाही. वहीच्या कागदात गुंडाळून पुढे. हे सगळं होईपर्यंत त्यांची नजर कढईवर असायची. मी बाजूला स्टुलावर बसून सुटे पैसे मोजायची.

तिथे मी माणसांचं मागणं ऐकायला शिकले. "दोन दे, सुकी मारून." "एक चुरा टाकून." "नुसता वडा दे, पाव नको." "मिरच्या दोन, खारवलेल्या." नेहमीचा माणूस पूर्ण वाक्य बोलतच नाही. कुणी तर नुसती बोटं दाखवायचे. नवखा माणूस यायचा तो विचारायचा, "ताजे आहेत का हो?" नेहमीचा माणूस विचारायचा, "घाणा कधी उतरतोय?" दोघांना हवा असतो गरम वडाच. पण एकजण मालाबद्दल विचारतो आणि दुसरा कामाबद्दल. ज्याने घाण्याचं विचारलं त्याला दादा, "दोन मिनिटं थांब," म्हणायचे आणि ती दोन मिनिटं तो माणूस आमच्यातला होऊन जायचा. गावाकडचं बोलणं निघायचं, युनियनचं निघायचं. "ताजे आहेत का"चं उत्तर काय देणार? शिळे आहेत असं कोण सांगेल?

आणि एक मागणं होतं ते मला अजून कानात ऐकू येतं. "एक वडा, पाव दोन."

संप लांबत गेला तसं हे मागणं वाढत गेलं. वडा महाग, पाव स्वस्त. एका वड्यावर दोन पाव खाल्ले, वर पाणी प्यायलं की संध्याकाळपर्यंत निभतं. असं मागणारा माणूस दादांच्या डोळ्यांत बघायचा नाही. बहुतेक त्यांच्याच खात्यातला असायचा, कधी शेजारच्या गिरणीतला. दादांनी एकदाही कुणाला काही विचारलं नाही. ते दुसरा पाव उघडायचे, त्यात दोन्ही चटण्या लावायचे, कढईतला बेसनाचा चुरा झाऱ्याने उचलून मूठभर भरायचे आणि असा दाबायचे की लांबून बघणाऱ्याला वाटावं, याच्यातही वडा आहे. पैसे एकाच वड्याचे. ज्याच्याकडे तेही नसायचे तो म्हणायचा, "मांडून ठेव." वही होती. ती वही पुढे कुठे गेली कुणास ठाऊक, पण त्यातले बरेच पैसे आले नाहीत आणि दादांनी ते मागितलेही नाहीत. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. दादा पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत.

त्यामुळे न्यू ऑर्लिन्सच्या त्या दुकानात मला कळलं की मी चुकीचं विचारलं होतं. 'ताजी आहे का' हा प्रश्न मी, लालबागच्या गाडीवर वाढलेल्या मुलीने विचारावा, याचं मला वाईट वाटलं. मी दर शनिवारी जायला लागले आणि मागे उभी राहून लोकांचं मागणं ऐकायला लागले.

पो-बॉय म्हणजे सांगायचं तर लांब फ्रेंच पावात भरलेलं काहीही. तळलेली कोळंबी, तळलेली कालवं, कॅटफिश नावाचा गोड्या पाण्यातला मासा, नाहीतर मंद आचेवर शिजवून रश्शात सोडलेलं बीफ. 'ड्रेस्ड' म्हणजे बारीक चिरलेलं सॅलडचं पान, टोमॅटो, काकडीचं लोणचं आणि मेयोनीज. त्या मेयोनीजला गावातले जुने लोक 'मायनेझ' म्हणतात. काही नको असेल तर 'प्लेन'. मासळीचा असेल तर शेवटचा प्रश्न येतो, "हॉट सॉस?" त्याला नुसती मान हलवायची. हाफ-होल, कशाचा, ड्रेस्ड, संपलं. चार शब्दांत होतं. ज्या क्रमाने त्या बाईचे हात चालतात त्याच क्रमाने हे शब्द यायला लागतात. आधी पाव किती लांब कापायचा ते कळलं पाहिजे, मग कढईत काय सोडायचं, मग पावाला आतून काय लावायचं. मी ताजेपणाचं विचारलं तेव्हा त्या क्रमाच्या मध्येच हात घातला होता.

बीफ मी खात नाही, पण त्याचंही एक मागणं ऐकून मी जागच्या जागी उभी राहिले. मांस कापताना जे बारीक तुकडे सुटून रश्शात पडतात त्यांना इथे 'डेब्री' म्हणतात. जाणकार माणूस ते मागून घेतो. चुराच की तो! कढईच्या तळाशी राहिलेलं, ज्याला भाव लावता येत नाही आणि ज्यात सगळी चव उतरलेली असते असं काहीतरी. ते मागायचं कसं हे फक्त रोज येणाऱ्यालाच माहीत.

कालवांचा पो-बॉय मी पहिल्यांदा खाल्ला त्या दिवसाचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. आमच्याकडे मालवणला ओहोटीला बायका खडपांवर बसून कोयत्याने कालवं काढतात. तासाभराच्या मेहनतीनंतर वाटीभर मिळतात. आजी त्यांचं कांदा-खोबऱ्याचं सुकं करायची आणि प्रत्येकाच्या पानात मोजून चार-पाच पडायची. इथली कालवं हाताच्या अंगठ्याएवढी. मक्याच्या पिठात घोळवून तळलेली, बाहेरून खरखरीत, आणि दात लागला की आतून समुद्राचं खारट पाणी तोंडात फुटतं. पावाचं वरचं कवच इतकं पातळ आणि कडक की चावताना चुरचुरत त्याचे पापुद्रे कागदावर सांडतात, आणि आतला गर जवळजवळ हवाच. तो तळणाचं तेल पितो, सॉस पितो, कालवांचं पाणी पितो आणि तरीही लगदा होत नाही. मी कागद पसरून त्यावरचे पापुद्रेसुद्धा बोटाने टिपून खाल्ले. समोर बसलेल्या माणसानेही तेच केलं.

मग मी या नावाच्या मागे लागले. पो-बॉय म्हणजे पुअर बॉय, गरीब पोरगा. सँडविचला असं नाव का पडावं?

त्या गावात बेनी आणि क्लोव्हिस मार्टिन नावाचे दोन भाऊ होते. लुइझियानातल्याच रेसलँड नावाच्या लहान गावातून आलेले, आणि आधी इथल्या ट्रामवर कंडक्टर. या ट्रामला इथे स्ट्रीटकार म्हणतात, ट्रॉली म्हटलं की लोकांना आवडत नाही. नोकरी सोडून १९२२ मध्ये त्यांनी फ्रेंच मार्केटमध्ये कॉफीचं दुकान काढलं. १ जुलै १९२९ ला स्ट्रीटकारच्या कामगारांनी संप केला. कंपनीने संप फोडायला बाहेरून माणसं आणली, आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात लोकांनी चिडून त्या माणसांनी चालवलेली एक गाडी पेटवून दिली. मार्टिन भावांनी युनियनला पत्र लिहून कळवलं की डिव्हिजन १९४ च्या, म्हणजे त्यांच्या युनियनच्या शाखेच्या, कुठल्याही सभासदाला आमच्याकडे जेवण फुकट. संपकरी माणूस दुकानाकडे येताना दिसला की आतून कुणीतरी म्हणायचं, हा बघा, आणखी एक गरीब पोरगा आला. बेनी मार्टिन यांनीच पुढे हे सांगितलं आहे, आणि तेच नाव त्या सँडविचला चिकटलं असं गाव मानतं.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती पावाची गोष्ट. तोवरचा फ्रेंच पाव दोन्ही टोकांना निमुळता असायचा. त्याची सँडविचं करायची तर टोकं वाया जायची. इतक्या माणसांना खायला घालायचं म्हटल्यावर ते परवडणारं नव्हतं. मार्टिन भावांनी जॉन जेंडुसा नावाच्या बेकरीवाल्याबरोबर बसून एक नवा पाव घडवला. चाळीस इंच लांब आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखाच रुंद. अर्धा कापला तर वीस इंचांचं एक सँडविच. भुकेल्या माणसाच्या हातात जास्त पाव पडावा म्हणून पावाचा आकारच बदलला.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी स्वयंपाकघरात उभी होते. एक वडा, पाव दोन. मी खुर्ची ओढून बसले.

सेंट चार्ल्स अव्हेन्यूवर आजही हिरव्या स्ट्रीटकार धावतात. त्या १९२३-२४ मध्ये बांधलेल्या आहेत. म्हणजे संपाच्या वेळी होत्या त्याच गाड्या. लाकडी बाकं, पितळी मुठी, पाठ उलटसुलट करता येणारी आसनं. मी कामाला त्याच गाडीने जाते. मुठीला हात लावला की वाटतं, या मुठीला कुठल्यातरी संपकऱ्याचा हात लागलेला असेल. आमच्या गिरणगावात हात लावायला तसं फारसं काही उरलेलं नाही. दादांची गिरणी होती तिथे काचेचा टॉवर आहे. मला या गावाचा हेवा वाटतो, आणि तो वाटतो हे मी लपवत नाही.

दादा आता त्र्याऐंशीचे आहेत. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. मी रविवारी सकाळी फोन करते तेव्हा तिकडे संध्याकाळ असते, चहा घेऊन बसलेले असतात. त्या रविवारी मी त्यांना सगळं सांगायला बसले. दुकान कसं आहे, बाई कशा आहेत, कोळंबी केवढी, कालवं केवढी. ड्रेस्ड म्हणजे काय. डेब्री म्हणजे काय. दादा हूं हूं करत होते. मी थांबले तेव्हा म्हणाले,

"तां सगळा ऱ्हवांदे. पाव कोणाचो?"

मला माहीत नव्हतं.

"कोणाच्या भट्टीतलो ता इचारलंस नाय?"

गाडी चालू असताना दादांनी एकदा बेकरी बदलली होती. जुन्या बेकरीवाल्याने लादीमागे दर वाढवला म्हणून दोन गल्ल्या पलीकडून पाव आणायला सुरुवात केली. वडा तोच, चटणी तीच. पहिल्याच संध्याकाळी तिघांनी विचारलं, "पाव दुसरीकडचा का रे?" तो पाव दाबला की परत फुगत नव्हता, चटणीने भिजून बसायचा. चौथ्या दिवशी दादा जुन्या बेकरीत गेले आणि वाढीव दराने लादी घेऊन आले. वडा माझ्या हातातला, पण पाव दुसऱ्याच्या भट्टीतला, असं ते म्हणायचे. ज्याच्या जोरावर धंदा चालतो तो माणूस गाडीवर कधी दिसत नाही, पण त्याचं नाव ठाऊक असायला हवं.

पुढच्या शनिवारी माझा नंबर आला. "काय देऊ, बेबी?" मी म्हटलं, "हाफ, कालवांचा, ड्रेस्ड." त्यांनी लांब पाव ओढला, सुरी लावली. मी विचारलं, "पाव कोणाचा?"

सुरी या वेळीही थांबली. पण बाईंनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच. "लायडनहायमर," त्या म्हणाल्या. आणि मग पाव कापता कापता बोलत राहिल्या. १८९६ पासूनची बेकरी आहे. जर्मनीहून आलेल्या माणसाने काढलेली. या बाईंची आई जेंडुसाचा पाव घ्यायची, त्यावरून घरात वाद व्हायचे. रोज पहाटे पाव येतो, आणि उरला तर दुसऱ्या दिवशी तो सँडविचला चालत नाही, कवच चिवट होतं. त्यांनी पावाचं कापलेलं टोक माझ्या हातात ठेवलं. "नुसतं खा." मी खाल्लं. मागच्या रांगेतल्या एका बाईने मध्येच सांगितलं की कोळंबीला जेंडुसाच बरा, आणि काउंटरमागून लगेच उत्तर गेलं की तुला काय कळतंय. दोघी हसत होत्या. मी पार्सल घेऊन बाजूला झाले तरी त्यांचं चालूच होतं.

रविवारी फोन लावला. दादांना मी लायडनहायमर हे नाव सांगितलं, ते त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. मग मार्टिन भावांची गोष्ट सांगितली. आधी कंडक्टर होते, मग दुकान काढलं, मग संपवाल्यांना फुकट घातलं, त्यासाठी पाव लांब करून घेतला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. कपबशीचा आवाज आला तेव्हा कळलं की फोन चालू आहे.

"किती म्हयने चललो त्यांचो संप?"

"ऑक्टोबरपर्यंत."

"आणि मगे?"

"फारसं काही हाती लागलं नाही, दादा."

"हां." चहाचा एक घोट घेतला असावा. मग म्हणाले, "शिळ्या पावाचा काय करतत ते?"

आमच्याकडे उरलेल्या लादीचे आई तुकडे करायची आणि कांद्याच्या फोडणीवर परतायची. शाळेच्या डब्यात आठवड्यातून दोनदा तरी तेच असायचं.

"पुडिंग करतात," मी म्हटलं. "दूध, अंडी, साखर, मनुका घालून भाजतात."

"आणि कडेचो तुकडो? तो तर कडक ऱ्हवतलो."

मी म्हटलं, शनिवारी विचारते.